सोरा, पांढरी व विहीर
औरंगाबादच्या मातींतील व पाण्यांतील नत्राचा ऐतिहासिक विचार

१

जुन्या किल्ल्यांच्या सामानाच्या याद्या ज्यांनीं चाळल्या आहेत, त्यांस 'सोरा' हा शब्द नवा नाहीं. गंधक, शिसें, कोळसा यांच्या पंगतींत तो बसलेला असतो, आणि आपणही त्यास दारूगोळ्याचें एक अंग समजून पुढें जातों. प्रस्तुत लेखांत या एका शब्दापाशीं थोडें थांबण्याचा विचार आहे. कारण ज्या पदार्थासाठीं राजे व व्यापारी कंपन्या मातीचे ढिगारे धुवून काढीत होत्या, तोच पदार्थ आज खताच्या व सांडपाण्याच्या वाटेनें मराठवाड्याच्या विहिरींत उतरला आहे, व त्याची गणना आतां दूषितांत होऊं लागली आहे. पदार्थ तोच; त्याचें माप व त्याचा मार्ग हीं मात्र बदललीं. हा बदल कसा झाला, हें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, व त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांपुढें ठेवून पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय रसायनशास्त्राचा आहे, इतिहास संशोधकांनीं त्यांत कां पडावें, असा आक्षेप येण्यासारखा आहे. त्यास उत्तर असें कीं, विहिरी, नहरा, गांवठाणें व खतें यांचा पुरावा दप्तरांत व जमिनींतच पडून आहे, आणि तो वाचण्याचें काम आपल्यावांचून दुसरें कोण करणार?

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. सोरा हा फारसी 'शोरा' या शब्दाचा देशी अवतार असून 'शोर' म्हणजे खारट या मूळ अर्थाशीं त्याचें नातें आहे. त्याच्या कुळांतले आणखी दोन शब्द मराठींत आहेत. एक 'लोणा'. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीस जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत जो पांढरा खारा पापुद्रा सुटतो, तो लोणा. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस त्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. भिंतींतल्या कोनाड्यांत ठेवलेलीं किती रुमालें या खाऱ्या ओलीनें गेलीं, हें त्यांस ठाऊकच आहे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा चिवट कागदसुद्धां तिच्यापुढें फार काळ टिकत नाहीं.

दुसरा शब्द 'पांढरी'. आपल्या गांवगाड्यांत काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, अशी वांटणी आहे. पांढरीला पांढरेपणा येतो तो पिढ्यान्‌पिढ्यांची चुलींतली राख, जनावरांचें शेण व मूत्र, पडलेल्या घरांची माती व घरचा केरकचरा यांच्या थरांमुळें. हीच माती उन्हाळ्यांत गाड्या भरून शेतांत नेऊन टाकण्याची कुणब्यांची चाल होती. जुन्या टेकाडांतून नाणीं, मणी व खापरें हातीं लागतात, आणि तींच टेकाडें खताच्या मातीसाठीं खणून नाहींशीं होतात, ही तक्रार पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनीं वारंवार केली आहे. तिच्या मुळाशीं ही मातीची सुपीकता आहे.

या सुपीकतेचें कारण एकोणिसाव्या शतकांत उलगडलें. शेण, मूत्र व कुजलेले पदार्थ यांतील नत्राचें मातींतले सूक्ष्म जंतु नायट्रेटांत रूपांतर करितात, हें फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युन्त्झ या शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखवून दिलें. राखेंतला पोटॅशचा अंश त्या नायट्रेटास भेटला म्हणजे सोरा तयार होतो. उबदार हवा, कोरडा ऋतु, राख व गुरांचें मूत्र हीं चार जेथें एकत्र येतात, तेथें सोरा जमिनीच्या पृष्ठभागावर फुलून येतो. म्हणजे सोरा, लोणा व पांढरी यांचा संसार एकाच घरचा आहे.

माती धुवून सोरा काढण्याची रीत अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत नोंदविली आहे. भोंकें पाडलेल्या भांड्यांत खारी माती भरावयाची, वरून पाणी सोडावयाचें, खालीं झिरपलेलें पाणी आटवावयाचें व निवूं द्यावयाचें. स्फटिक आपोआप धरतात. त्याच ग्रंथांत सोऱ्याच्या पाण्यांत सुरई फिरवून पिण्याचें पाणी गार करण्याची युक्तीही सांगितली आहे. दारूंत जो पदार्थ आग पेटवितो, तोच पाण्यास थंडावा देतो, याचें ग्रंथकारास कौतुक वाटलेलें दिसतें.

या रीतींतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. माती धुतली म्हणजे सोरा पाण्याबरोबर खालीं उतरतो, मातीस धरून राहात नाहीं. ज्या गुणामुळें सोरा काढतां येत होता, त्याच गुणामुळें पुढें विहिरी बिघडल्या.

३

बंदुकीच्या दारूंत वजनानें सुमारें तीन चतुर्थांश सोरा असतो. उरलेल्या चतुर्थांशांत कोळसा व गंधक. शुक्रनीतींत अग्निचूर्णाचें जें प्रमाण दिलें आहे, त्यांत सुवर्चिलवण पांच पल, गंधक एक पल व कोळसा एक पल, म्हणजे सातांत पांच भाग सोरा येतो. शुक्रनीतीच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, व हा भाग बराच अर्वाचीन असावा असा अनेकांचा कौल आहे. तथापि हें प्रमाण दारूखान्यांतील व्यवहारास धरून आहे.

दौलताबादेचा किल्ला या प्रांतांतील दारूच्या वापराचा मोठा साक्षीदार आहे. १६३३ सालीं महाबतखानानें त्यास वेढा घातला तेव्हां तोफांबरोबर सुरुंगांचाही उपयोग करून तट उडविण्यांत आले, व त्याच वर्षीं निजामशाहीची ही राजधानी मोंगलांच्या हातीं गेली. किल्ल्यावरील मेंढा तोफ आजही पाहावयास मिळते. अशा एकेका तोफेच्या एकेका बारामागें किती गोठ्यांची व किती उकिरड्यांची माती धुतली गेली असेल, याचा विचार तोफ पाहणाऱ्याच्या मनांत क्वचितच येत असेल.

सोऱ्याचा सर्वांत मोठा पुरवठा बिहारांतून होई. तेथील नोनिया लोक गांवाभोंवतालची माती धुवून तो काढीत, व पाटण्याचा माल डच व इंग्रज जहाजें भरून युरोपांत नेत. प्लासीनंतर १७५८ सालीं इंग्रज कंपनीनें मीर जाफराकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता पदरांत पाडून घेतला. हिंदुस्थानच्या गोठ्यांतील नत्र युरोपच्या रणांगणांवर जळत होता, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

मराठी राज्यांतील दक्षता पाहावयाची तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे वळावें. दारूखाना वस्तीच्या व सदरेच्या लगत नसावा, दारू ओल न लागतां राहावी, आठ-पंधरा दिवसांनीं ती बाहेर काढून ऊन द्यावें, असा त्याचा आशय आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याहून मोलाची आज्ञा केरकचऱ्याविषयींची आहे. गडावर वाटांवर व बाजारांत केर पडूं देऊं नये. तो गडाखालीं लोटूनही देऊं नये. जागच्या जागीं जाळून त्याची राख परसांत टाकावी व तिच्यावर भाजीपाला करावा, असें अमात्य बजावतात. गडाखालीं लोटलेला केर गडाच्याच पायथ्याचें पाणी नासवितो, आणि परसांत गेलेली राख पोटास येते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लिहिलेली ही आज्ञा आजच्या कोणत्याही नगरपालिकेनें दाराशीं लावून ठेवावी अशा योग्यतेची आहे.

४

आतां पाण्याकडे वळूं. मलिक अंबरनें १६१० च्या सुमारास खडकी येथें शहर वसविलें, तेव्हां त्यास पहिली अडचण पाण्याची पडली. खाम नदी उन्हाळ्यांत आटते, आणि खडकाळ जमिनींतील विहिरी मोठ्या वस्तीस पुऱ्या पडत नाहींत. त्यानें १६१७ च्या सुमारास उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या डोंगरखोऱ्यांतील भूगर्भांतलें पाणी झाकलेल्या नहरेनें शहरांत आणिलें. हीच नहर-इ-अंबरी. जमिनीखालून उताराउतारानें वाहणारा मार्ग, मधून मधून आंत उतरण्यास व हवा खेळण्यास ठेवलेलीं तोंडें, आणि शहरांत पाणी उंच चढवून वांटणारे बंबे, अशी तिची रचना. पुढें मोंगल व निजाम यांच्या अमदानींत आणखी नहरा झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच नळांतून डोंगरावरून आलेल्या पाण्यानें फिरे व दर्ग्यांत येणाऱ्यांसाठीं धान्य दळी. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या वेळीं कात्रजहून आणलेलें पाणी व त्या मार्गावरील उच्छ्वास याच जातीचे.

या योजनांचें कौतुक आजवर पाण्याच्या विपुलतेसाठीं झालें आहे. त्यांचा दुसरा गुण असा कीं, पाणी वस्तीच्या वरच्या अंगास, पांढरीपासून दूर धरावयाचें, व तें मनुष्यांच्या व जनावरांच्या घाणीस न शिवतां बंद मार्गानें घरापर्यंत आणावयाचें. मलिक अंबरच्या कारागिरांस नायट्रेट हें नांव ठाऊक असण्याचा संभव नव्हता; परंतु ज्या पाण्यावर वस्ती नाहीं तें पाणी गोड, ही गोष्ट त्यांस जिभेनें कळत होती. वस्तींतील आडाचें पाणी मचूळ, तें वापरावयास. आणि गांवाबाहेरच्या विहिरीचें गोड, तें प्यावयास, हा भेद आपल्या खेड्यांतील बायकांनीं फार पूर्वीं ओळखला होता. १६५३ सालीं औरंगजेबानें या शहरास आपलें नांव दिलें, १६८२ सालीं त्यास तट घातला. पुरे वाढले, छावण्या वाढल्या, तरी शहराची तहान मुख्यत्वें या नहरांनींच भागविली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर जुन्या काळाचें चित्र खोटें होईल. शहरांतील मैला शेतांत जाऊन त्याचें सोनखत होई, व नत्राचें चक्र पुरें होई, हें खरें. परंतु तें चक्र फिरविण्यासाठीं समाजानें कांहीं जातींच्या माणसांच्या डोक्यावर मैल्याची टोपली दिली, आणि त्यांसच अस्पृश्य म्हणून पाणवठ्यावरून हाकलिलें. ही प्रथा कायद्यानें १९९३ सालीं व अधिक कडक रीतीनें २०१३ सालीं निषिद्ध झाली. म्हणून जुन्या व्यवस्थेकडे परत जाण्याचा उपदेश या लेखांत नाहीं. तिच्यांतलें हिशेबाचें शहाणपण घ्यावयाचें आहे. तिच्यांतला अन्याय घ्यावयाचा नाहीं.

५

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा सारा व्यवहार मुळापासून बदलला. जर्मनींतील फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं हवेंतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखविला, व कार्ल बॉश याच्या योजनेनें १९१३ सालीं ओप्पाऊ येथें त्याचा कारखाना चालूं झाला. पहिल्या महायुद्धांत चिलीचा नायट्रेट जर्मनीस मिळेना, तेव्हां स्फोटकें याच मार्गानें झालीं. युद्ध संपल्यावर तीच विद्या खताकडे वळली. दारू व खत यांचें सोऱ्यांतलें जुनें नातें कारखान्यांतही सुटलें नाहीं.

आपल्याकडे सिंद्री येथील सरकारी कारखाना १९५१ सालीं सुरू झाला, व १९६५ नंतरच्या हरितक्रांतींत नत्रखताचा वापर झपाट्यानें वाढला. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतो. गाडीभर शेणखतानें जें काम होई तें आतां पाठीवरून नेतां येणाऱ्या एका पोत्यानें होऊं लागलें. त्यानें देशाची अन्नाची ददात मिटविली, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण घातलेल्या नत्रापैकीं निम्म्याहून अधिक भाग पिकास लागतच नाहीं. कांहीं हवेंत जातो, कांहीं ओढ्यांत वाहतो, आणि कांहीं ऐन-इ-अकबरींतल्या भोंकाच्या भांड्याप्रमाणें पाण्याबरोबर खालीं झिरपतो. झिरपणी कमी व्हावी म्हणून २०१५ पासून युरियास निंबोळी तेलाचा लेप देणें सक्तीचें झालें आहे.

मराठवाड्याची जमीन या झिरपण्यास अनुकूल आहे. वर काळी माती, ती उन्हाळ्यांत भेगाळते. खालीं काळ्या पाषाणाचे थर, त्यांच्या फटींत व झिजलेल्या भागांतच काय तें पाणी सांठतें. पैठणच्या नाथसागराचा पाया १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें घातला गेला व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. त्या पाण्यावर ऊंस वाढला, व उंसाबरोबर खताचीं पोतीं वाढलीं.

याचा परिणाम केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालांत दिसतो. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटाची मर्यादा लिटरास ४५ मिलिग्रॅम ठरलेली आहे. देशांतील तपासलेल्या नमुन्यांपैकीं सुमारें पांचांत एक या मर्यादेपलीकडे गेला. महाराष्ट्रांत हें प्रमाण तृतीयांशाहून अधिक भरलें. देशांतील सर्वांत पीडित म्हणून जे पंधरा जिल्हे निवडले, त्यांतले सात एकट्या महाराष्ट्राचे: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगांव व यवतमाळ. यांतील बीड व जळगांव हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या शिवेस शीव लावून आहेत. आणि जमिनीखालचें पाणी जिल्ह्याची शीव ओळखीत नाहीं.

६

या पाण्यानें काय होतें, हेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांतले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनीं १९४५ सालीं विहिरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांच्या अंगास निळेपणा येत असल्याचें प्रसिद्ध केलें. कारण असें कीं, पाण्यांतल्या नायट्रेटाचें शरीरांत नायट्राइट होतें, व तें रक्तांतल्या हिमोग्लोबिनास प्राणवायु वाहण्यास निकामी करितें. सहा महिन्यांच्या आंतील मुलास हा धोका सर्वांत अधिक. वरच्या दुधांत असें पाणी घातल्यास मूल काळेंनिळें पडतें व वेळीं उपाय न झाल्यास दगावतें. वर्षानुवर्षें असें पाणी पोटांत गेल्यास आंतड्याच्या कर्करोगाचा संभव वाढतो कीं काय, असा संशयही कांहीं संशोधनांतून पुढें आला आहे.

येथें एक व्यावहारिक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. पाणी उकळलें म्हणजे तें निर्दोष होतें, असा आपल्याकडे दृढ समज आहे. पटकीच्या जंतूंपुरता तो खरा आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाहीं. पाणी आटलें म्हणजे तें उलट दाट होतें. जुने सोरेकरी माती धुतलेलें पाणी आटवून सोरा काढीत, तें याच कारणानें. तान्ह्या मुलासाठीं विहिरीचें वा बोअरचें पाणी उकळून देणारी माउली नकळत तेंच करीत असते. पाण्याची परीक्षा करून घेणें, व तें दूषित निघाल्यास मुलापुरतें दुसरें पाणी योजणें, हाच तेथें खरा उपाय.

शहराची गोष्ट याहून निराळी नाहीं. खाम नदी, जिच्या कांठीं पाणचक्की उभी आहे, ती बरींच वर्षें शहराच्या सांडपाण्याची वाहिनी होऊन बसली. ती पुढें गोदावरीच्या नाथसागरास मिळते. आणि शहर पिण्याचें पाणी आणतें तें त्याच नाथसागरांतून. दिल्ली दरवाज्याबाहेरचा जुना खिजरी तलाव, ज्यास आतां पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचें नांव आहे, त्यांतही सांडपाणी शिरलें व जलपर्णी माजली. पाण्यांतला नत्र शेवाळास व जलपर्णीस खत होतो, तीं वाढून कुजतात, व पाण्यांतला प्राणवायु संपून मासे मरतात. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचीं केंद्रें उभीं राहिलीं आहेत, व २०२० नंतर खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचें कामही नेटानें हातीं घेण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट होय.

हवेकडे जाणारा नत्रही निरुपद्रवी नसतो. खत घातलेल्या जमिनींतून निघणारा नायट्रस ऑक्साइड वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७३ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच २०१९ सालीं कोलंबो येथें अनेक राष्ट्रांनीं मिळून वायां जाणारा नत्र २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला.

७

आतां उपसंहार करूं. वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सोरा हा आपल्या भूमींत परका नव्हे; गोठा, चूल व पांढरी यांचेंच तें अपत्य आहे, व त्यास मूल्य होतें म्हणून तो मातींतून वेंचून घेतला जाई. दुसरी, ज्या वस्तीनें पिण्याचें पाणी आपल्या पांढरीपासून अलग राखलें, ती सुखी राहिली. नहर-इ-अंबरी हें त्याचें दगडी प्रमाण आहे. तिसरी, आज नत्र कारखान्यांतून इतका स्वस्त व इतका विपुल येतो कीं, तो वेंचून घेण्याची कोणास गरज उरली नाहीं. ज्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, तें विहिरींत जाऊन सांठतें.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति आहे. घरोघरच्या दप्तरांत राज्यकारभाराच्या पत्रांखालीं दडपलेले कित्येक किरकोळ कागद असतात: विहिरीच्या बांधणीचे खर्च, आड उपसल्याचे हिशेब, नहरेच्या दुरुस्तीच्या कैफियती, खताच्या मातीवरून झालेले तंटे, गोड्या व मचूळ विहिरींची नांवनिशी. तारखा व लढाया शोधतांना आपण हे कागद बाजूस सारतों. ते बाजूस सारूं नयेत. कोणत्या गांवची कोणती विहीर केव्हां गोड होती, हें ज्या कागदावरून कळतें, तो कागद आज त्या गांवच्या मुलांच्या आरोग्याशीं निगडित आहे. तसेंच औरंगाबादच्या नहरांचीं तोंडें व बंबे रस्तारुंदी व नव्या बांधकामांखालीं जात आहेत. ज्यांस त्यांच्या जागा ठाऊक आहेत, त्यांनीं त्या नकाशावर टिपून ठेवाव्या. अमात्यांनीं गडाखालीं केर लोटूं नये म्हणून आज्ञा केली, ती गडाखालच्या माणसांसाठीं होती. आपण आज ज्या नदीच्या वरच्या अंगास आहों, तिच्या खालच्या अंगासही आपणच आहों, इतकें ध्यानांत राहिलें तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागतील.